पालथं पडून समुद्र बघताना

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या माणसाला ‘पोहायला येतं का?’ असं विचारलं तर तो थोडा दुखावतोच. कृष्णा, कोयना, वारणेच्या काठचा माणूस. शिवाय मळ्यात विहीर. पाडव्यानंतर ऊन तापू लागलं की पोरांचा मोर्चा विहिरीकडे वळतो. पाठीला पूर्वी सुकलेला भोपळा नाही तर पांगाऱ्याचा ओंडका बांधत, मग पत्र्याचा डबा आला, आता तेलाचा रिकामा कॅन. काठावरून कुणीतरी चुलता न विचारता ढकलून देतो आणि पुढचं पाणीच शिकवतं. काही दिवसांत डबा सुटतो. मग सूर, मुटके आणि तळाची माती मुठीत आणून दाखवायची पैज. सांगलीत त्याच्याही पुढची परीक्षा म्हणजे १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उडी. ती मारू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर पावसाळ्यात कुणीतरी मारतंच.

अशा तयारीची माणसं नाताळच्या सुट्टीत मालवणला जातात. जेटीजवळ लावलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत गेलं तर एमएच ०९, १०, ११ आणि ५० डोळ्यांत भरतात. कोल्हापूर ओलांडलं की राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, कणकवली मागे टाकायची आणि मालवण गाठायचं. होडीत बसेपर्यंत सगळे बेफिकीर. तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच चढवून पाण्यात उतरायची वेळ आली की मात्र गंमत होते. जिला अजिबात पोहता येत नाही अशी एखादी मावशी गाईडचा हात धरून निमूट पालथी पडते आणि मासे बघून खुशीत वर येते. विहिरीतला पट्टीचा पोहणारा अर्ध्या मिनिटात नळी थुंकून, खोकत शिडीला लटकलेला असतो.

तो भित्रा नसतो. विहिरीने त्याच्या अंगात तीन सवयी मुरवलेल्या असतात: श्वास रोखणं, डोकं वर ठेवणं आणि हातपाय मारत राहणं. स्नॉर्कलिंगला या तिन्हींच्या नेमकं उलट लागतं. श्वास रोखायचा नाही, डोकं पाण्याबाहेर काढायचं नाही, आणि जमेल तितकं हलायचं नाही. पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं, बस. ज्याला काहीच येत नाही त्याला हे लगेच जमतं. ज्याला पोहता येतं त्याला आधी थोडं विसरावं लागतं.

नळीपासून सुरुवात करू. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली दडून बसायचा खेळ गावाकडे बऱ्याच जणांनी केलेला असतो. सिनेमात तर नायक बोरूच्या काडीतून श्वास घेत तासन् तास तळ्याच्या तळाशी बसतो आणि शत्रू वरून निघून जातो. प्रत्यक्षात काडी कितीही लांब घ्या, दोन-तीन फुटांखाली छाती फुगतच नाही. पाण्याच्या दर मीटर खोलीला दर चौरस सेंटीमीटरवर शंभर ग्रॅम दाब वाढतो. छातीच्या पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ हजार चौरस सेंटीमीटर धरलं, तर मीटरभर खाली त्या छातीवर शंभर किलोचा भार येतो, म्हणजे सिमेंटची दोन पोती छातीवर ठेवून झोपण्यासारखं. नळीतली हवा मात्र वरच्या, साध्या दाबाची. ती आत ओढायची तर दोन्ही पोती उचलावी लागतात. म्हणूनच दुकानात मिळणारी नळी जेमतेम दीड फुटाच्या आतबाहेर असते आणि ती तोंड पाण्यात व पाठ पृष्ठभागाशी असताना वापरण्यापुरतीच असते.

नळी आखूड असण्याला दुसरंही कारण आहे. आपण सहज श्वास घेतो तेव्हा साधारण अर्धा लिटर हवा आत येते. त्यातली दीडशे मिलीलिटर घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या कामाला येत नाही. नळीच्या पोकळीत आणखी जवळपास तेवढीच हवा मावते, आणि ती मागच्या उच्छ्वासाची, वापरलेली असते. म्हणजे घाबरून भरभर, उथळ श्वास घेणाऱ्याच्या वाट्याला अर्ध्या लिटरमधली दोनशे मिलीलिटरच ताजी हवा येते. त्याला वाटतं, नळी खराब आहे, हवा पुरत नाही. म्हणून तो आणखी भरभर श्वास घेतो. गाईड वरून ‘हळू, हळू’ म्हणत असतो तो त्यासाठी. लांब, संथ श्वास घेतला की तीच नळी पुरते. एक लिटरचा श्वास घेतला तर त्यातली सातशे मिलीलिटर ताजी असते. हिशेब साधा आहे, पण होडीत तो कुणी सांगत नाही.

नळीत लाटेचं पाणी शिरतंच. ते शिरल्यावर श्वास ओढायचा नसतो, ‘फू’ करून जोरात सोडायचा असतो. सगळं पाणी कारंज्यासारखं वरून उडतं. यासाठी छातीत थोडी हवा कायम शिल्लक ठेवावी लागते. विहिरीतला माणूस पाणी तोंडात आलं की मान झटकतो आणि वर येतो. इथे मान वर केली की नळीचं टोक मागे कलंडून पाण्यात जातं आणि उरलीसुरली हवाही बंद होते.

आता काच. पाण्यात उघड्या डोळ्यांनी पाहिलं की सगळं धुरकट दिसतं, हे विहिरीत प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा हेच खरं तर आपलं मुख्य भिंग. हवेतून आलेला प्रकाश त्यात शिरताना वळतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र उमटतं. पाण्याचा आणि या भिंगाचा वक्रीभवनांक इतका जवळजवळ सारखा आहे की पाण्यातून येणारा प्रकाश वळतच नाही. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा ठेवतो आणि दृष्टी परत येते. त्याची किंमत एवढीच की मासे जवळ आणि मोठे दिसतात: चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा. हात लांबवून शिवायला जाणारे सगळे त्यामुळे कमी पडतात, आणि वर आल्यावर सांगितलेल्या माशाचा आकार थोडा घटवून ऐकावा. रंगही खरे नसतात. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं; पाच-सहा मीटर खाली लाल मासा काळपट तपकिरी दिसतो.

मास्क नाकासकट असतो, साध्या पोहण्याच्या चष्म्यासारखा नुसता डोळ्यांपुरता नाही. थोडं खाली गेलं तर आतली हवा दबते आणि मास्क चेहऱ्याला चिकटून ओढू लागतो. तेव्हा नाकातून किंचित हवा सोडून दाब सारखा करता येतो. मास्कची रबरी कड कातडीला बिलगली तरच पाणी बाहेर राहतं. आणि इथे आपल्याकडे एक स्थानिक अडचण आहे. पीळदार मिशीतून कड कधीच नीट बसत नाही. वरच्या ओठावरून पाणी झिरपत राहतं आणि नाकाशी साठतं. व्हॅसलीनचा जाड थर दिला तर थोडं निभतं. मिशी काढण्याचा सल्ला देणारा गाईड मी तरी पाहिलेला नाही. त्यालाही घरी परत जायचं असतं. चष्मेवाल्यांनी चष्मा मास्कच्या आत घालायचा प्रयत्न करू नये, काड्यांमुळे तीच फट राहते. नंबरचा मास्क मिळतो, आधी विचारून ठेवावा. आणि काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची पद्धत जगभर आहे. उगीच किळस करू नये, काम होतं.

एवढं सगळं करून मालवणात दिसतं काय? होडी जेटीवरून निघते आणि सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांजवळ नांगर टाकते. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांच्या हस्ते २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. तट समुद्रातून वर दिसतो तेवढाच आपण पाहतो. भोवती पाण्याखाली पसरलेले खडक मोठ्या गलबतांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून तर ही जागा निवडली गेली. ज्या खडकांनी शत्रूची जहाजं अडवली, त्यांच्याच कपारींत आज प्रवाळ आणि मासे आहेत. १९८७ साली किल्ला, शेजारचं पद्मगड बेट आणि भोवतालचे खडक धरून मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. जाळं टाकायची जागा जाईल ही भीती होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. आज त्यांच्यापैकी अनेक घरांतली मुलं गाईड म्हणून होडीवर असतात. समुद्राचा तळ त्यांना जन्मापासून पाठ असतो. कुठल्या खडकाशी ओढ आहे, कुठे साळिंदरासारखे काटे फुगवलेले समुद्री अर्चिन बसलेत, हे ते न बघता सांगतात.

गाईड आधी एक फुगवलेली ट्यूब पाण्यात सोडतो. तिला दोरी असते. पर्यटक शिडीने उतरतो, लाइफ जॅकेट त्याला वर उचलून धरतं, दोन्ही हात ट्यूबवर, तोंड पाण्यात. पहिल्यांदा दिसतो तो हिरवट उजेड आणि त्यात तरंगणारी बारीक धूळ. मग डोळा सरावतो आणि खालचा काळा दगड हलतोय असं वाटू लागतं. ते समुद्री शेवाळ असतं, लाटेबरोबर सगळं एका दिशेने झुकतं आणि परत येतं. दगडाच्या कडेला पिवळसर-राखी घुमट दिसतो, तो पोराइट्स जातीचा प्रवाळ. त्याच्यावर उभे राहिलेले पाय मी पाहिले आहेत, दमलेल्या पर्यटकाला तो दगडच वाटतो. असा घुमट वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. फूटभर उंचीचा म्हणजे तीस वर्षांचा. अंगावर पाच काळे पट्टे असलेले तळहाताएवढे मासे तर थव्याने अंगावर येतात. त्यांना माणूस आवडतो म्हणून नाही. गाईडच्या मुठीत पाव असतो.

हा पाव बंद व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते होडीवर मांडलं की वातावरण बिघडतं हेही खरं. पर्यटकाने पैसे मोजलेत, वेळ थोडा आहे, मासे दिसलेच पाहिजेत. पावाने ते हमखास दिसतात. पण मग पाव खाणारे धीट मासेच जमतात आणि लाजरे दूर राहतात. शेवाळ खरवडून प्रवाळाची जागा मोकळी ठेवणारे मासे पावाच्या नादाला लागले तर त्यांचं मूळ काम कोण करणार? पाव न टाकता स्वस्थ पडून राहिलं तर पाचेक मिनिटांत खडक आपल्याला विसरतो. फुलपाखरू मासे जोडीने फिरताना दिसतात. पोपटमासा चोचीने दगड कुरतडताना दिसतो. कानांत पाणी असलं तरी त्याचं ‘कट-कट’ ऐकू येतं. एखादा गोबरा कपारीतून नुसतं तोंड काढून बघत असतो. ताटातल्या गोबऱ्याशी त्याचं नातं लावायला जरा वेळ लागतो.

मालवणचं पाणी लक्षद्वीपसारखं काचेचं नसतं, आणि त्याला कारण आपलाच सह्याद्री आहे. पावसाळ्यात घाटावरून उतरणाऱ्या छोट्या पण धावत्या नद्या चार महिने माती आणि गोडं पाणी समुद्रात ओततात. प्रवाळाला दोन्ही नको असतं. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळाची बहुतेक गरज भागवतं. पाणी गढूळ झालं की ऊन बंद, गाळ बसला की तोंड बंद. म्हणून कोकण किनाऱ्यावर प्रवाळ आहे तो तुकड्यातुकड्यांनी, खडकांच्या आधाराने. घाटावरचं पाणी म्हटलं की आपल्याला कृष्णा आठवते आणि ती तर पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. पण साताऱ्याच्या कोयनेचं पाणी वीजगृहातून पश्चिमेला वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिलेली आहे. ते दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे समुद्राशी आपला संबंध फक्त सुट्टीचा नाही.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, जावळी तालुक्यातल्या मुनावळे इथे २०२४ पासून सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं आहे. तिथे वेगवान बोटी आहेत, मजा आहे, पण पालथं पडून बघण्यासारखं फारसं काही नाही. खोल धरणाचं पाणी हिरवट, तळाला बुडालेली जुनी शेतं आणि गाळ. नळीतून श्वास घ्यायचा सराव करायला मात्र असं संथ गोडं पाणी किंवा गावातला तरणतलाव उत्तम. मास्क-नळी विकत घेऊन आधी चार दिवस छातीभर पाण्यात उभं राहून, नुसतं तोंड बुडवून श्वास घ्यायला शिकलेला माणूस समुद्रात वेगळाच असतो. गोड्या पाण्यात अंग जरा जास्त बुडतं. समुद्राचं पाणी मिठामुळे अडीच टक्के जड, ते उचलून धरतं. त्यामुळे तलावात जमलं की पुढे सोपंच.

कधी जायचं, हे पंचांग बघून ठरवता येतं. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. दिवसातून दोनदा, आणि ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी. ठिकाणागणिक थोडा फरक पडतो, अंदाज मात्र चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, ओढ जोराची, तळाची माती ढवळलेली. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती, पाणी मवाळ. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे इथे कामाला येतात. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी मंदावतो, दुपारकडे खारा वारा उठतो आणि पाण्यावर खवले उमटतात. या सगळ्याचा मेळ घातला तर डिसेंबर-जानेवारीतली एकादशीची किंवा द्वादशीची सकाळ, आठ-नऊची वेळ, ही मालवणात पाण्यात उतरायला सगळ्यात चांगली निघते: भरलेली, संथ भरती आणि पडलेला वारा. एकादशीचा उपवास असणाऱ्यांनी पोटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन होडीत बसू नये, एवढंच. होडी लागते ती कानातल्या तोलाच्या द्रवामुळे. कान म्हणतो हलतंय, डोळा होडीच्या फळीकडे बघून म्हणतो स्थिर आहे, आणि भांडण पोटात मिटवलं जातं. क्षितिजावर नजर ठेवली तर दोघांचं एकमत होतं. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, मळमळू लागल्यावर नव्हे.

होडीत माणसं किती आणि जॅकेटं किती, हे मोजून बसायला सांगलीकरांना कुणी शिकवू नये. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि जीव वाचवायला गाव सोडून बाहेर पडू पाहणारी माणसं बुडाली. मालवणातही २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तारीख बघा. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरच्या जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी बंद असते. बंदीच्या अगदी तोंडावरची ती वेळ होती, पावसाआधीचा समुद्र फुगू लागलेला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलांच्या सुट्ट्या संपत आलेल्या असतात, खोल्या स्वस्त मिळतात आणि मोह होतो. पाण्याला सुट्ट्यांचं वेळापत्रक माहीत नसतं.

पाण्यातला धोका याहून वेगळा आणि गुपचूप असतो. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो ही सिनेमाची समजूत आहे. तोंडात पाणी असताना ओरडायला हवा उरत नाही. त्यात स्नॉर्कलिंग करणारा तसाही पालथा, निश्चल तरंगतच असतो. मासे बघणारा आणि शुद्ध हरपलेला, दोघे होडीतून सारखेच दिसतात. म्हणून जोडीने उतरायचं आणि दर मिनिटाला जोडीदाराला बोटाने विचारायचं: बरा आहेस ना? हृदयविकार, रक्तदाब, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पोटात दारू असेल तर होडीतूनच बघावं.

पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी दोन धोके राखीव आहेत, दोन्ही विहिरीतूनच आलेले. तळाची माती आणायच्या पैजेत कान ठणकतात ते आठवत असेल. पाण्याचा दाब कानाचा पडदा आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कोंडली की ‘टक’ होऊन दाब सारखा होतो. ते न करता खाली जात राहिलं तर पडदा फाटतो. दुसरी पैज: कोण जास्त वेळ बुडून राहतो. त्यासाठी आधी भराभर दहा-वीस मोठे श्वास घ्यायची युक्ती प्रत्येक गावात कुणीतरी शोधून काढतोच. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वासांनी तो धुऊन निघतो, ऑक्सिजन मात्र विशेष वाढत नाही. मग श्वासाची हाक येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि कसलीही चाहूल न लागता माणसाची शुद्ध हरपते. चांगले पोहणारेच असे जातात, कारण इतरांना तेवढं थांबताच येत नाही.

मालवणवर ज्याचं मन भरत नाही त्याला लक्षद्वीप खुणावतं, विशेषतः जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची तिथली स्नॉर्कलिंगची छायाचित्रं घरोघर पोचल्यापासून. मुंबईहून २०२१ पासून खासगी क्रूझ निघते, तिच्या काही फेऱ्या लक्षद्वीपला जातात. सरकारी वाट जुनी आहे: कोचीहून ‘समुद्रम्’ नावाची सहल, सुमारे सातशे प्रवाशांच्या ‘एम. व्ही. कवरत्ती’ जहाजावर रात्री प्रवास आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय यांतल्या एकेका बेटावर मुक्काम. कोचीला जायला पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस सातारा, सांगली, मिरज करतच जाते. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. क्रूझवाले आणि सरकारी सहलवाले तो काढून देतात.

क्रूझ म्हटलं की पोहण्याचा तलाव, नाचगाणी आणि बुफे डोळ्यांपुढे येतो. खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागते. लक्षद्वीपची बेटं म्हणजे प्रवाळाच्या कड्यांवर साठलेली वाळू. ३६ बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, पण कड्यांच्या आत कोंडलेल्या उथळ पाण्याचा पसारा सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. या उथळ सरोवरात मोठं जहाज शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांनी जहाजाच्या कुशीतल्या दारातून छोट्या होडीत उतरायचं असतं. दार स्थिर, होडी मात्र लाटेबरोबर तीन-चार फूट वरखाली. दोन खलाशी दंड धरतात आणि होडी वर आली की ‘चला’ म्हणतात. तेव्हा विचार करायचा नसतो. हातात पिशवी, मोबाइल, मूल असं काही घेऊन उभं राहिलेल्यांची तारांबळ बघण्यासारखी असते. मूल खलाशाकडे द्यावं, तो ते रोज करतो. एकदा होडी कड्याच्या खिंडीतून आत शिरली की लाट मागे राहते. बाहेरचा सगळा मारा प्रवाळाचं कडं खातं, आत पाणी छातीपर्यंत, तळाशी पांढरी वाळू, आणि मास्क लावायच्या आधीच मासे दिसू लागतात. त्या वाळूचा बराच भाग पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून, दळून मागे टाकलेला असतो. हनिमूनच्या फोटोंखाली हे कुणी लिहीत नाही.

तिथे जाऊन आलेले कधी कधी पांढऱ्याशुभ्र प्रवाळाचे फोटो कौतुकाने दाखवतात. तो आजारी प्रवाळ असतो. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त, तेही काही आठवडे टिकलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि रंग जातो; लवकर थंडावा आला नाही तर तो उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. १९९८ पासूनच्या पाव शतकात तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आलं. पर्यटकाच्या पायाने होणारं नुकसान त्यापुढे किरकोळ आहे, पण तापलेल्या समुद्रातून वाचलेल्या तुकड्यावर उभं राहायला ती सबब होत नाही. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने जागा आहे. किनाऱ्यावर सापडलेला वाळका तुकडाही पिशवीत टाकू नये, परतताना झडतीत तो निघतो. पाठ भाजू नये म्हणून क्रीमऐवजी पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट घालावा. काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई राज्याने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

महाराष्ट्रालाही आपलं एक मोठं प्रवाळाचं पठार आहे, फक्त ते सगळं पाण्याखाली आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत असलेली ही आंग्रिया बँक. नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांचं. बाळाजी विश्वनाथांशी तह करून ते साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या बाजूला आले, त्यामुळे या बुडालेल्या पठाराचं नाव साताऱ्याच्या कागदपत्रांतलंच म्हणायचं. किनारा आणि त्याचा गाळ लांब राहिल्याने तिथलं पाणी निवळ आहे. पण पठाराचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे. नळीवाल्याला वरून फक्त निळा रंग दिसेल. तिथे पाठीला हवेची टाकी आणि रीतसर प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षण तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात मिळतं. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ युद्धनौका निवतीजवळच्या खडकांपाशी बुडवून ठेवायची योजना आखली गेली, तीही टाकीवाल्यांसाठीच. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या क्रूझला याच पठारावरून ‘आंग्रिया’ नाव दिलं होतं. तिचा रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने होता. पठार शंभर किलोमीटर बाजूला राहिलं, आणि तिच्या डेकवर फोटो काढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नावाचा प्रवाळ पाहिला असेल तो केबिनच्या भिंतीवरच्या चित्रात, तोही असलाच तर.